अहो, अगं की नावानं? कोल्हापुरी घरांतली हाक, क्रियापद आणि पत्रिका

नवरा-बायको घरात एकमेकांना काय म्हणतात, चारचौघांत काय म्हणतात आणि कागदावर काय लिहितात, यासाठी हा धागा. प्रेमकहाण्या नकोत. ज्याला जे नेमकं ठाऊक आहे तेवढंच लिहा.

मराठीच्या बाई, राजारामपुरी
हाक सगळ्यांना जमते, पुढचं क्रियापद घसरतं. ‘अहो, ऐक ना’ हल्ली सर्रास ऐकू येतं. अहोला ‘ऐका’ लागतं, अरे-अगंला ‘ऐक’. लाडात मिसळलं तर कुणी फाशी देत नाही, पण सासरच्या मंडळींसमोर ते लगेच कानाला खुपतं.

तिसऱ्या माणसाशी बोलताना नाम बघा. ‘माझा नवरा आला’ बरोबर, ‘माझे मिस्टर आले’ही बरोबर. ‘माझा नवरा आले’ हे ना धड इकडचं ना तिकडचं. ‘नवरा’ एकवचनी, त्याला आदर द्यायचाच असेल तर शब्दच बदलावा लागतो: हे, मिस्टर, मालक. बायकोचंही तसंच, ‘माझी बायको आली’, पण ‘आमच्या सौ. आल्या’.

आणि अनुस्वार! ‘त्याने सांगितलं’ आणि ‘त्यांनी सांगितलं’, ‘याचा डबा’ आणि ‘यांचा डबा’. मोबाईलवर टाइप करताना हा टिंब गळतो आणि सासूबाईंच्या ग्रुपवर नवरा क्षणात अरेतुरेवर येतो. ‘त्यानी’ असं अर्धवट लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

क्रियापदाचा भूतकाळ असेल तर शेवटचं अक्षर तपासा: तू काम केलंस, तुम्ही काम केलंत. तू भाकरी खाल्लीस, तुम्ही भाकरी खाल्लीत. बोलताना हा ‘त’ गिळला जातो, ‘तुम्ही जेवला का’ असंही म्हणतात. लिहिताना ठेवावा.

उत्तरेश्वर पेठ
बाईंचं पुस्तकात बरोबर, पण आमच्या बोलीत ‘त’ नसतोच, ‘सा’ असतो. ‘जेवलास काय?’ हे तूला, ‘जेवलासा काय?’ हे तुम्हीला. आलासा, बसलासा, कुठं चाललासा. फरक एका कान्याचा. बाहेरून आलेल्या सुनेला पहिल्यांदा दोन्ही सारखंच ऐकू येतं, मग ती नवऱ्याला ‘कवा आलास?’ म्हणते आणि तिकडं सोप्यात बसलेले मामंजी खाकरतात. ‘सा’ थोडा लांबवून म्हणायचा, झालं.

दुसरं असं की ‘सा’ला बाई-बाप्या नाही. बायकोला मान देऊन ‘आलासा?’ विचारलं तर रूप तेच. नवऱ्यांनी वापरून बघायला हरकत नाही.

कागलची लेक
पुण्या-मुंबईच्या जावयांसाठी: इकडच्या बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. ते पुल्लिंगी नव्हे, बोलीचं रूप आहे. दुरुस्त करत बसू नका. तुम्ही मात्र तिला ‘आलीस’, ‘निघालीस’च म्हणायचं.

सासूला ‘आत्या’, सासऱ्याला ‘मामा’ किंवा ‘मामंजी’ ही हाक का, असं विचारतात. आते-मामे भावंडांत लग्नं व्हायची, त्यामुळं सासू खरोखरच आत्या असायची. नातं नसलं तरी हाक राहिली. बहिणीच्या नवऱ्याला ‘दाजी’. नव्या जावयाला नावानं हाक मारत नाहीत, ‘पावणं’ म्हटलं की भागतं.

छापखाना, शाहूपुरी
पत्रिकेच्या मजकुरातल्या नेहमीच्या चुका सांगतो. नवऱ्यामुलाला चि., नवरीला चि.सौ.कां. यातला ‘कां’ कांक्षिणीचा, म्हणून टिंब हवाच, ‘चि.सौ.का.’ म्हणून दहा गठ्ठे छापून परत येतात. सौ. लग्नानंतर. स्वतःच्या नावाआधी स्वतः श्री. किंवा सौ. लावून सही करू नये, तो मान दुसऱ्यानं द्यायचा. निमंत्रक म्हणून छापलेलं नाव वेगळं, ते घराच्या वतीनं असतं.

‘डॉ. सौ.’ चालतं. पण दोघंही डॉक्टर असताना ‘डॉ. व सौ.’ छापलं की तिची पदवी गेली, ‘डॉ.’ दोन्ही नावांना स्वतंत्र लावा. माहेरचं नाव ठेवलेल्या मुलीचं नाव घरचे परस्पर बदलून देतात. प्रूफ तिलाच दाखवा.

सगळ्यात नाजूक ‘श्रीमती’. सरकारी पत्रात ते कुठल्याही बाईला लावतात, आपल्याकडं मात्र वाचणारा नवरा वारला असं धरून चालतो. विचारल्याशिवाय टाकायचं नाही.

ग्रामपंचायत कर्मचारी, शिरोळ तालुका
श्रीमतीवरून. आमच्या तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. नावाआधीच्या बिरुदाला मात्र अशा ठरावानं हात लागत नाही. हळदी-कुंकवाच्या यादीत सौ./श्रीमती असे दोन रकाने करायचे नाहीत, सरळ नाव आणि आडनाव लिहायचं. यादी छोटीही होते.

जन्मनोंदीचं: 1 मे 2024 आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. विवाहितेचं स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हा क्रम तसाच आहे.

निवेदक, लग्न व बारसं
उखाण्याचं. दोन ओळी, शेवटी यमक, नाव दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ इथलीच घ्या, लोक लगेच हसतात:

पंचगंगेच्या घाटावर दिव्यांची आरास,
…रावांचं नाव घेते, आता नका देऊ त्रास.

ती ‘रावांचं’ म्हणते आणि तो नुसतं नाव घेतो. बरोबरी हवी म्हणून तिच्या नावापुढं ‘बाई’ लावू नका, शाळेतल्या बाई वाटतात. दोघांनी नुसती नावं घ्यावीत. राव काढला की दोन अक्षरं कमी पडतात, ती ‘आता’च्या जागी ‘आता तरी’ घालून भरता येतात. आणि माईक देण्याआधी नाव कसं घेणार ते दोघांना विचारून ठेवा. आजी पुढच्या रांगेत असली तर राव परत येतो.