व्ही-क्रॉस पिकअपच्या हौद्यात मुक्कामाची सोय: छतावरचा तंबू घ्यावा की हौदाच झाकावा?

कळंबा_ते_कोकण यांचा प्रश्न

नमस्कार. गेल्या दिवाळीत मी २०१८ सालची इसुझू व्ही-क्रॉस घेतली. अडीच लिटरचे इंजिन, पाच गिअर, फोर बाय फोर आणि दुहेरी केबिन अशी ती आहे. पहिल्या मालकाने ती बहुतेक शहरातच चालवल्यामुळे चेसिसला गंज नाही आणि मागचे पाटेही (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मूळचेच आहेत. आता महिन्यातून एकदा शनिवार-रविवार गगनबावडा, आंबा, चंदगड, तिलारी या भागात मुक्कामाला जाण्याचा विचार असून त्यासाठी गाडीत काही बदल करून घ्यायचे आहेत.

आम्ही चौघे जण आहोत: मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि पासष्ट वर्षांची आई. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका कारागिराने पुढीलप्रमाणे सुचवले आहे: हौद्यावर (मागच्या उघड्या भागावर) चाळीस मिलिमीटर चौकोनी पाइपाचा पिंजरा, त्यावर दोन माणसांचा छततंबू, हौद्यात दोन मिलिमीटर पत्र्याचे दोन मोठे खण, मागे फाळक्याच्या (हौद्याच्या खाली उघडणाऱ्या दाराच्या) बाहेर पाण्याचे आणि डिझेलचे कॅन, पुढे लोखंडी बंपर, छतावर लाइटबार. पाट्यांना प्रत्येकी एक जादा पान घालून मागची बाजू उचलून घ्यावी, असेही तो म्हणतो. आईला इन्सुलिन लागते, म्हणून बारा व्होल्टचा फ्रिज आणि दुसरी बॅटरी हवी, असे माझे स्वतःचे मत आहे. यातील काय करावे, कोणत्या क्रमाने करावे आणि काय सोडून द्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

लेथ_आणि_लोखंड यांचे उत्तर

आपल्या यादीत सगळे काही आहे, फक्त वजन कोठेच लिहिलेले नाही. कारागिराला दोष देत नाही. आमच्या धंद्यात मजबुती म्हणजे जाड लोखंड हे समीकरण इतके भिनलेले आहे की पातळ सांगितले तर गिऱ्हाइकालाच शंका येते. तरीही हिशेब करून पाहा. दोन मिलिमीटर लोखंडी पत्रा चौरस मीटरला सुमारे १५.७ किलो भरतो, तेवढ्याच जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा ५.४ किलो आणि बारा मिलिमीटरचे चांगले प्लायवुड साधारण आठ किलो. दोन खणांच्या बाजू, तळ, झाकण आणि मधली पडदी धरली तर सहा-सात चौरस मीटर सहज लागतात, म्हणजे आत एक चमचा ठेवण्यापूर्वीच शंभर किलो झाले. चाळीस मिलिमीटर पाइपाचे, दोन मिलिमीटर जाडीचे असले तरी, मीटरला २.३ किलो होतात. वीस मीटरचा पिंजरा शेहेचाळीस किलोंचा. त्यावर छततंबू बहुधा पन्नास ते सत्तर किलोंचा आणि तोही गाडीच्या सर्वांत उंच जागी.

म्हणून पहिले काम वेल्डिंगचे नसून वजनकाट्याचे आहे. टाकी भरून, चौघे बसून, नेहमीचे सामान घेऊन जवळच्या काट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके, अशी तीन वजने घ्या. आरसीवर भारासह कमाल वजन छापलेले असते, त्यातून हा आकडा वजा केल्यावर जे उरेल तेवढ्यातच आपले सारे स्वप्न बसवायचे आहे.

जादा पान घालणे हा त्याच गैरसमजाचा पुढचा भाग आहे. पाटा कडक केला म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात. रिकामी गाडी मात्र खडी रस्त्यावर उड्या मारू लागते आणि उतारावरच्या ओल्या वळणात मागचे टोक सुटते. आधी वजन ठरू द्या. त्यानंतरही मागची बाजू दोन बोटांपेक्षा अधिक बसत असेल, तर पाट्यांचा विचार करू.

कॅन फाळक्याबाहेर लटकवण्याचे तर पूर्ण विसरा. व्ही-क्रॉसच्या दोन ॲक्सलमधील अंतर ३,०९५ मिलिमीटर आहे. मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे साठ किलो टांगले तर मागच्या चाकांवर साठ नव्हे, सुमारे ऐंशी किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे वीस किलो उचलले जातात. स्टिअरिंग पुढच्या चाकांचे, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच. तेच पाणी केबिनच्या भिंतीला टेकून हौद्याच्या तळाशी ठेवले तर ते मागच्या ॲक्सलच्या पुढे राहते. एक लिटरला एक किलो हे सूत्र इथे विसरू नये: चाळीस लिटर पाणी म्हणजे गाडीत घेतलेला एक मुलगाच.

सड्यावरचा_पाहुणा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे आणि त्याची किंमत मोजूनही झाली आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या पिकअपवर मी अगदी असाच पिंजरा करून घेतला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात भुईबावडा घाट उतरताना मागून टकटक असा आवाज येऊ लागला. धुक्यात थांबून पाहिले, तर पिंजऱ्याचे पाय ज्या बोल्टांवर होते त्यांच्याभोवती हौद्याचा पत्रा नखाएवढा फाटला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ती फट उघडझाप करीत होती. बोल्टाखाली चार इंची पट्टी द्यायला हवी होती. तिथे साधे वॉशर होते. वेल्डिंग जसेच्या तसे उभे होते, फाटला तो गाडीचा पातळ पत्रा.

आता झोपण्याविषयी. आपल्या मुलुखात जमिनीवरच्या तंबूची अडचण निराळीच आहे: सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, जांभा दगड असतो, खुंटी दोन इंचांपलीकडे रुतत नाही आणि वारा आला की तंबू पतंगासारखा ताणतो. त्यामुळे गाडीत झोपण्याची कल्पना योग्यच आहे. परंतु छततंबूच्या शिडीवरून आई रात्री दोनदा उतरतील का, हा प्रश्न आधी विचारा. दुसरे असे की छततंबू मिटल्याशिवाय गाडी हलत नाही. रात्री एकाएकी कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तर पावसात ओला तंबू घडी करीत बसावे लागेल.

माझा सल्ला असा: हौद्यावर फायबरचे हलके छत, ज्याच्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडतात असे, आणि आत प्लायवुडचा सपाट ओटा. दुहेरी केबिनच्या गाडीचा हौदा जेमतेम पाच फुटांचा असल्याने फाळका बंद ठेवून प्रौढ माणूस पाय पसरू शकत नाही. म्हणून ओट्याला फाळक्यावर उलगडणारी जोडपट्टी करा आणि उघड्या फाळक्यावर छताच्या मागच्या दारापासून लोंबणारा ताडपत्रीचा पडदा शिवून घ्या. आई आणि मुलगी आत झोपतील. आपण दोघे शेजारी साध्या तंबूत, खुंट्यांऐवजी दोर गाडीच्या चाकांना आणि दगडांना बांधून झोपा.

दोन खिडक्या समोरासमोर बोटभर उघड्या ठेवल्याच पाहिजेत, नाहीतर पहाटे छताच्या आतून थेंब गळतात आणि पांघरूण ओले होते. आत शेगडी पेटवणे किंवा उबेसाठी इंजिन चालू ठेवणे कधीही करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला ते कळतही नाही.

लाइटबारवर खर्च करू नका. गगनबावड्याच्या धुक्यात छतावरचा पांढरा प्रकाश समोर भिंत उभी करतो, खाली बसवलेले पिवळे दिवेच उपयोगी पडतात. उलट टायर, हवेचा पंप आणि ओढण्याचा पट्टा यांवर खर्च करा. २४५/७० आर १६ च्या जागी २६५/७० आर १६ घालण्याचा मोह होतो, पण त्याने चाकाचा व्यास सुमारे पावणेचार टक्क्यांनी वाढतो. वेगाचा काटा ८० दाखवत असताना गाडी ८३ ने चाललेली असते आणि चढावर इंजिन दमते. मूळ मापातच ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घ्या. पावसाळी लाल चिखलात किंवा समुद्रकाठच्या वाळूत हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवली की तोच टायर वेगळा वागू लागतो, मात्र डांबरावर येताच हवा पुन्हा भरलीच पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट. स्नॉर्केल (इंजिनाला छताच्या उंचीवरून हवा देणारी नळी) लावल्यावर माणसाला उगाच धैर्य येते. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी जात असेल तर कोणतीही गाडी त्यावर घालू नये. वाहते पाणी फूटभर असले तरी साधी मोटार उचलते आणि दोन फुटांना मोठी गाडीही नेते. तिथे इंजिनात पाणी जाण्याच्या आधीच गाडी बंधाऱ्याखाली गेलेली असते.

तार_आणि_फ्यूज यांचे उत्तर

विजेपुरते लिहितो. चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरचा फ्रिज आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला साधारण ३० ते ४० अँपिअर-तास घेतो. शंभर अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीवर तो दोन दिवस चालेल. तेवढ्याच शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे हितावह असल्याने ती सव्वा ते दीड दिवसात थकेल, शिवाय वजन दुप्पट-अडीचपट. पावसाळ्यात सोलर पॅनेलच्या भरवशावर राहू नये. आठवडाभर सूर्य न दिसण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही.

दुसरी बॅटरी घेतलीच तर ती साध्या रिलेने अल्टरनेटरला जोडू नका. रिकामी लिथियम बॅटरी इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो, म्हणून मध्ये हा प्रवाह मर्यादेत ठेवणारा डीसी-डीसी चार्जर हवा. बॉनेटपासून हौद्यापर्यंत पाच मीटर तार धरली, तर जाणे-येणे दहा मीटर होते. तीस अँपिअरला सहा चौरस मिलिमीटरच्या तांब्यात ०.८६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.३२. फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांजवळ, टर्मिनलपासून वीतभराच्या आत, असलाच पाहिजे. तार जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी बूच घाला. गाड्या पेटतात त्या याच ठिकाणी.

पण हे सर्व सांगून मूळ प्रश्नाकडे येतो. इन्सुलिनसाठी फ्रिज खरोखर हवा का? वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत तीस अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर असते आणि ती डॉक्टरांकडून पडताळून घ्यावी. थंड ठेवायची ती न फोडलेली कुपी, तीही दोन ते आठ अंशांत. दोन रात्रींसाठी चांगली बर्फपेटी पुरेशी आहे. मात्र कुपी बर्फाला थेट लागू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. ओल्या कापडाच्या थैलीवर पावसाळ्यात विसंबू नका. हवाच दमट असल्याने बाष्पीभवन होत नाही आणि थैली थंडच पडत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर औषध कधीही ठेवू नये.

लेथ_आणि_लोखंड

बंपरविषयी लिहायचे राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने असे लोखंडी बंपर बेकायदा ठरवून राज्यांना कारवाई करण्यास सांगितले. धडकेची ऊर्जा शोषण्यासाठी गाडीचा पुढचा भाग चुरगळायचा असतो, या बंपरमुळे ती ऊर्जा थेट चेसिसमध्ये जाते आणि पादचाऱ्याला अधिक इजा होते. एकूण बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पाहावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. फायबरच्या छताविषयी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांना आधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. ओटा, खण, बर्फपेटी हे सर्व बोल्ट सोडून अर्ध्या तासात उतरवता येईल असेच करा. सोमवारी तीच गाडी आपल्याला कामावर न्यायची आहे.

ओट्याला फर्निचरच्या सरकपट्ट्या लावू नयेत, खडीवर त्यांचे गोळे गळून पडतात. त्याऐवजी अँगलमध्ये फिरणाऱ्या लहान बेअरिंगांवर खण बसवा. उद्यमनगरात हे कोणीही दुपारभरात करून देईल, आणि बेअरिंग खराब झाले तरी गावोगावी मिळते.

कळंबा_ते_कोकण

सर्वांचे मनापासून आभार. काल एका साखर कारखान्याजवळच्या काट्यावर गाडी नेली. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने दाखवतो, तरी आमचे चौघांचेच २४० किलो निघाले. आरसीवरील मर्यादेत त्यानंतर जे उरले ते पाहून कारागिराचा कागद घडी करून खिशात ठेवला. पिंजरा, छततंबू, बंपर, लाइटबार आणि जादा पाने रद्द केली आहेत. फ्रिजऐवजी बर्फपेटी, तीही डॉक्टरांशी बोलून. छताविषयी आरटीओ आणि विमा कंपनीला पत्र दिले असून उत्तर येईपर्यंत ताडपत्रीवर काम भागवणार आहे.

दरम्यान बारा मिलिमीटर प्लायवुडचा ओटा दोन तुकड्यांत करून घेतला आणि पहिली रात्र घराच्या अंगणातच काढली. आई आणि मुलगी हौद्यात व्यवस्थित झोपल्या. फाळक्यावर चढण्यासाठी केलेली घडीची पायरी अजून दोन इंच खाली हवी आणि हाताला धरायला उजवीकडे एक कडी हवी, असे आईने सकाळी चहा घेताना सांगितले. तेवढे उद्या उद्यमनगरात करून घेतो.