मदत हवी आहे : मातीच्या जमिनीच्या पक्षीघरात जंत पुन्हापुन्हा का होतात?

नमस्कार मंडळी,

गोव्यात फोंडा तालुक्यात आमचे घर आहे आणि घरामागे कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला मी सहा वर्षांपूर्वी बारा फूट लांब, आठ फूट रुंद असे पक्षीघर बांधले. खाली चिऱ्यांची दोन थरांची जोती, वर लोखंडी जाळी, अर्ध्या भागावर नळे (कौले) आणि उरलेला अर्धा भाग पक्ष्यांना ऊन मिळावे म्हणून उघडा आहे. जमीन मात्र मुद्दाम तांबड्या मातीची ठेवली, कारण बजी पक्ष्यांना खाली उतरून दाणे टिपायला आवडते. सध्या २२ बजी (ज्यांना दुकानदार सरसकट लव्हबर्ड म्हणतात), ५ कॉकटील (तुरा असलेले छोटे पोपट) आणि १४ झेब्रा फिंच (चिमणीहून लहान, दाणे टिपणारे पक्षी) आहेत. देशी पोपट एकही नाही. तो पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे धागा त्या वादाकडे वळणार नाही.

चतुर्थीच्या आठवड्यात सहावी कॉकटील मादी पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली. ती खात होती, तरी छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागत होते. चौथ्या दिवशी ती मेली. तालुक्याच्या पशुवैद्यांनी पोट उघडून दाखवले, तेव्हा आतड्यात पांढऱ्या गोल जंतांचा अक्षरशः बोळा अडकलेला होता. त्यांच्या सल्ल्याने उरलेल्या सर्वांना कोंबड्यांसाठी मिळणारे पायपेराझिन हे जंताचे औषध पिण्याच्या पाण्यातून दिले, पंधरा दिवसांनी पुन्हा दिले, जमिनीवर फिनेल शिंपडले आणि वर चुना पसरला. दिवाळीच्या सुमारास विष्ठा तपासून घेतली, तर सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी पुन्हा हजर.

माझे प्रश्न असे आहेत. पाण्यातून दिलेले औषध लागू का पडले नाही? घरात लहान मुलांसाठी आणलेले अल्बेंडाझोलचे सिरप आहे, त्याचा एक-एक थेंब चोचीत सोडला तर चालेल का? आणि पावसाळ्यात चार महिने जी जमीन वाळतच नाही, तिचे नेमके काय करावे? घरची मंडळी पक्षीघर मोडून टाका म्हणतात, पण तो पर्याय मला शक्यतो नको आहे. जाणकारांनी कृपया अनुभवातून सांगावे.

प्रतिसाद :

तुमच्या कॉकटीलबद्दल वाईट वाटले. मी डिचोलीत अठरा वर्षे बजी आणि फिंच पाळतो आणि तुम्ही केलेल्या चुकांपैकी निम्म्या मीही केलेल्या आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी ते सिरप कपाटात परत ठेवा. त्यात ५ मिलिलिटरला २०० मिलिग्रॅम औषध असते. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब धरले, तर एका थेंबात २ मिलिग्रॅम जाते. बजीचे वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे किलोमागे जवळजवळ ५७ मिलिग्रॅम. १२ ग्रॅमच्या फिंचला तोच थेंब किलोमागे १६७ मिलिग्रॅमच्या हिशेबाने बसतो. त्यातच अल्बेंडाझोलने कबुतरे दगावल्याची नोंद आहे. जंताच्या इतर औषधांपैकी लेव्हामिसोलमध्येही गुणकारी मात्रा आणि घातक मात्रा यांत फारसे अंतर नसते, आणि फेनबेंडाझोल नवी पिसे येत असताना दिले तर ती वेडीवाकडी उगवतात. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक पक्ष्याचे वजन करून यादी पशुवैद्यांकडे न्यावी आणि औषध त्यांच्याकडूनच पातळ करून, मात्रा ठरवून घ्यावे.

पाण्यातून दिलेले औषध फसते याचे कारण पक्ष्यांच्या मूळ प्रदेशात आहे. बजी, कॉकटील, झेब्रा फिंच हे तिन्ही ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातले. फार थोड्या पाण्यावर ते निभावतात. आपल्याकडच्या दमट हवेत ते आणखी कमी पितात, आणि पाण्याला चव आली की चोचच लावत नाहीत. एकाने दुप्पट प्यायले आणि दुसऱ्याने काहीच नाही, असे होते. शिवाय पायपेराझिन मोठ्या झालेल्या जंतांवर चालते, आतड्याच्या अस्तरात वाढणाऱ्या पिल्लांवर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून औषध कोणतेही असो, ते थेट चोचीतून आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यावे लागते.

पण माझ्या मते तुमचा खरा रोगी पक्षी नसून जमीन आहे. या जंतांना मधला यजमान, म्हणजे पसरण्यासाठी किड्यासारखा दुसरा प्राणी, लागत नाही. विष्ठेतून पडलेले अंडे उबदार, ओल्या मातीत दोन-तीन आठवड्यांत रोग लावण्याजोगे होते आणि दाण्याबरोबर पुन्हा पोटात जाते. आपला आषाढ-श्रावण म्हणजे त्यासाठी उबवणीचे यंत्रच. अंड्याचे कवच इतके चिवट असते की फिनेल त्याला काही करत नाही, आणि चुन्यावर विसंबू नका, त्याची धूळ पक्ष्यांच्या श्वासनलिकेत जाते ते वेगळेच. त्यांना मारते ती उष्णता आणि कोरडेपणा. मी गुढीपाडव्यानंतर कडक उन्हात वरची अर्धा फूट माती काढून दूर टाकली, खाली सिमेंटचा कोबा उतार ठेवून केला, आणि आता दर आठवड्याला खरवडून उकळते पाणी ओततो. दाण्याची भांडी पक्षी बसतात त्या दांड्यांखाली कधी नसावीत. उघड्या भागावर पारदर्शक पत्रा घाला, म्हणजे बाहेरच्या पारव्यांची विष्ठा आत पडणार नाही.

फिंचबद्दल एक वेगळी गोष्ट. ते मुंग्या आणि किडे खातात, आणि पट्टकृमी (फितीसारखे चपटे जंत) त्यांतूनच येतात. गोल जंतांच्या औषधाने ते जात नाहीत, त्यासाठी प्राझिक्वांटेल लागते. तेव्हा त्यांची विष्ठा वेगळी तपासा. एकच नमुना देऊ नका, तीन दिवसांचा गोळा करा, कारण अंडी रोज पडतातच असे नाही. नवीन पक्षी आणला की महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून तपासणी झाल्यावरच आत सोडा.

धागाकर्ता :

मनापासून आभार. सिरप मुलांच्या डब्यात परत गेले. वजने उद्या सकाळी दाणे घालण्यापूर्वी करतो आणि यादी सोमवारी दवाखान्यात नेतो. कोबा उन्हाळ्यापर्यंत थांबवता येणार नाही असे दिसते, म्हणून एवढेच विचारतो : बांधकाम चालू असताना हे एकेचाळीस पक्षी तीन आठवडे जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यांत ठेवायचे, तर बजी आणि फिंच एकत्र चालतील, की बजी त्यांचे पाय चावतील?

प्रतिसाद :

चावतील. वेगळेच ठेवा. आणि सिमेंट घातल्यावर भरपूर पाणी मारून ते नीट मुरेपर्यंत आत कोणाला सोडण्याची घाई करू नका.