शब्दचर्चा: वापरसुलभता, वापरानुभव, आंतरक्रिया (अर्धविराम, तळटीप आणि चौकट ही चर्चा करणाऱ्यांची टोपणनावं)

अर्धविराम: युजेबिलिटी, यूएक्स (युजर एक्सपीरियन्स) आणि इंटरॅक्शन डिझाइन या तिन्हींसाठी सर्रास 'वापरसुलभता' लिहिलेलं दिसतं. ॲप वापरायला कसं जातं याच्या चाचण्या घेणाऱ्यांनी डिझाइनकडे वळताना काय शिकावं, यावरच्या लेखाचं संपादन करते आहे. कुठे कोणता शब्द घेऊ?

तळटीप: तिन्ही एकाच शब्दात कोंबले तर लेखाला विषयच उरणार नाही. युजेबिलिटीची व्याख्या आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे: ठरावीक माणसं, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक उद्दिष्ट किती परिणामकारकपणे, किती कमी खटाटोपात आणि किती समाधानाने गाठतात. 'सुलभता'मुळे फक्त सोपेपणा डोळ्यांपुढे येतो, काम पुरं झालं की नाही हे मागे पडतं. तरी शब्द रुळलाय, राहू द्या. 'उपयोज्यता' कोशात शोभतो, बोलताना कोणी वापरत नाही. आणि 'सुगम्यता' इथे नकोच, तो ॲक्सेसिबिलिटीसाठी, म्हणजे अपंगांनाही वापरता येण्यासाठी, लागतो.

वापरानुभवाची, म्हणजे यूएक्सची, व्याख्या आयएसओ ९२४१-२१० मध्ये आहे. तिच्यात प्रत्यक्ष वापराबरोबर वापराची अपेक्षाही धरली आहे. म्हणजे ॲप उघडण्याआधी मनात असलेली धास्तीसुद्धा त्यात आली. ती स्क्रीनवर शोधून सापडणार नाही.

चौकट: माणसाने काही केलं की यंत्राने काय करावं, हे ठरवणं म्हणजे इंटरॅक्शन डिझाइन. हे नाव १९८०च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक या डिझायनरांनी रूढ केलं. मराठीत 'आंतरक्रिया डिझाइन' म्हणा. 'संवाद' घेतला तर संवादचौकट आणि चॅट यांच्याशी गल्लत होते. 'डिझाइन'ला अभिकल्प की संकल्पन हा वाद मला तरी निरर्थक वाटतो, डिझाइन सगळ्यांना कळतं.

लेखात खरा फरक उदाहरणाने दाखवा. चाचणीच्या अहवालात असतं: '५ पैकी ३ जणांना ओटीपी पुन्हा मागवायचं बटण सापडलं नाही.' हा झाला निष्कर्ष. आंतरक्रिया डिझाइन करणाऱ्याला तिथून पुढे ठरवावं लागतं. बटण पहिले ३० सेकंद बंद ठेवायचं का, आणि ठेवलं तर उरलेले सेकंद दाखवायचे का? दुसरा ओटीपी मागवल्यावर पहिला बाद होणार का? दोन्ही एसएमएस एकदमच आले तर कोणता ओटीपी भरायचा, हे माणसाला कसं कळणार? मोबाइल क्रमांकच चुकला असेल तर आधी भरलेला अर्ज न पुसता मागे जाता येतं का? सहा अंकांसाठी सहा वेगळे रकाने केले, तर कॉपी केलेला ओटीपी पेस्ट करताना बरेचदा पहिलाच अंक उमटतो. एकच रकाना ठेवला की ही भानगड टळते.

यातलं बरंचसं चाचणीत दिसतच नाही. तिथे क्रमांक बरोबर दिलेला असतो आणि नेटवर्क चांगलं असतं.

अर्धविराम: पण अहवालात शिफारसही असते की. 'बटण मोठं करा', वगैरे.

तळटीप: तीच तर मेख आहे. बटण का सापडलं नाही, हे त्या शिफारशीत कुठे आहे? कीपॅड वर आल्यावर ते झाकलं जात असेल, तर दुप्पट मोठं करूनही उपयोग नाही. रकान्याला लागून वर घ्यावं लागेल. सापडतं पण बोट नेमकं पडत नाही, अशी तक्रार असेल तेव्हा आकाराचा प्रश्न येतो. डब्ल्यूसीएजी २.२ या वेबच्या सुगम्यता निकषांच्या एए पातळीवर किमान २४ × २४ सीएसएस पिक्सेल (वेबपानावरचं मोजमापाचं एकक) लागतात, काही अपवाद वगळता. त्याहून कडक एएए पातळीवर ४४ × ४४.

चौकट: आकड्यांची भाषाही तपासा. '५ पैकी ३' तसंच लिहा, '६० टक्के वापरकर्ते' नको. एवढ्या छोट्या नमुन्यात खरं प्रमाण २५ टक्केही असू शकतं, ८५ टक्केही. पाच माणसं अडचणी शोधायला पुरतात, मोजायला नाही. 'एसयूएसमध्ये (वापरसुलभता मोजायच्या ठरीव प्रश्नावलीत) ६८ टक्के' ही तर नेहमीची चूक. दहा विधानांवरून काढलेला तो ० ते १०० मधला गुण आहे, टक्केवारी नव्हे; ६८ ही साधारण सरासरी धरतात. शिवाय गुण कमी का आला, हे त्यातून कळत नाही. डिझाइनकडे वळणाऱ्याच्या कामाच्या नमुन्यांत नुसता हा गुण असेल तर समोरचा पान उलटतो. अडचण, तिचं कारण, विचारात घेतलेले दोन-तीन पर्याय आणि बाकीचे का सोडले, एवढं हवंच. सोडलेल्या पर्यायांचे वायरफ्रेमसुद्धा, म्हणजे स्क्रीनचे कच्चे आराखडे, जोडावेत.

अर्धविराम: मग मथळा 'वापरसुलभता चाचणीकडून आंतरक्रिया डिझाइनकडे' ठेवते. उपशीर्षकात 'वापरानुभव' चालेल?

तळटीप: लेख स्क्रीनपुरता असेल तर नको. वापरानुभव म्हटलं की एसएमएसचा मजकूर, पावती, मदत केंद्र, पैसे परत मिळायला लागणारा वेळ, सगळंच येतं. लेखात यातलं काही आहे का?

अर्धविराम: नाही. काढते.