साखर सोडली आणि ५ किलो उतरलो. कॅलरी मोजायच्या कशाला?

चहाबाज
दिवसाला सहा कप चहा, कपात दोन चमचे साखर, हा माझा पंधरा वर्षांचा नेम. संक्रांतीनंतर साखर बंद केली. बिस्किटं आपोआप सुटली, कारण फिक्या चहात बिस्कीट बुडवून खायला मजा येत नाही. पाच महिन्यांत ५ किलो गेले. पोळी, भात, आमटी होतं तेवढंच. म्हणून माझं स्पष्ट मत: लठ्ठपणाचं मूळ साखर, कॅलरी मोजणं हा नुसता खुळा नाद. साखरेने इन्शुलिन वाढतं आणि इन्शुलिन चरबी साठवतं. डॉ. दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा सांगतात, त्यामागेही इन्शुलिनच आहे. पटत नसेल तर बोला.

मोजपट्टी
नाही पटत. तुमचाच हिशेब मांडू. दोन चमचे म्हणजे साधारण १० ग्रॅम साखर, ४० कॅलरी. सहा कपांच्या २४०. वर बिस्किटं. रोज एवढं पोटात गेलं नाही तर वजन उतरणारच. तेवढ्या कॅलरीची शेव सोडली असतीत तरी उतरलं असतं. तुम्ही मोजलं नाहीत, म्हणून कमी झालं नाही असं थोडंच आहे?
स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग झाला, २०१८ मध्ये निकाल आला. कमी चरबी खाणारे सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकं खाणारे ६ किलो. फरक दखल घेण्याजोगा नाही. कुणाचं इन्शुलिन जास्त स्रवतं यावरूनही काही ठरलं नाही. शिवाय अमेरिकेत वरून घातलेल्या साखरेचा खप १९९९ च्या सुमारास शिखरावर होता, नंतर उतरला. लठ्ठ प्रौढ मात्र तेव्हा ३० टक्के होते, ते २०१८ पर्यंत ४२ झाले.

गुळाचा खडा
मोजपट्टीराव, सोयीचं तेवढंच सांगितलंत. त्या प्रयोगात *दोन्ही* गटांना साखर आणि मैदा टाळायला सांगितलं होतं! साखर दोघांचीही कमी केलेली, मग त्यावरून ती निर्दोष कशी सुटली?
आणि "कॅलरी ती कॅलरी, जरा हातपाय हलवा" हे कोण सांगत आलंय तेही बघा. खाण्यापेक्षा व्यायामावर भर देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका गटामागे कोका-कोलाचा पैसा होता, हे २०१५ मध्ये बाहेर आलं. १९६७ मध्ये हृदयविकाराचं खापर चरबीवर फोडणारा लेख हार्वर्डच्या मंडळींनी लिहिला, त्यालाही साखर उद्योगाने पैसे मोजले होते. गळे काढायचे असतील तर तिकडे काढा.

मोजपट्टी
स्टॅनफर्डचा मुद्दा मान्य, ते लिहायला हवं होतं. पैशाचंही मान्य. पण साखर काढून *तेवढ्याच* कॅलरीची दुसरी कर्बोदकं दिली तर वजन हलत नाही, हे अनेक प्रयोग एकत्र करून २०१३ मध्ये मांडलं गेलंय. त्याला उत्तर द्या.

सोलापूरची सून
त्याच आढाव्यात दुसरी बाजूही आहे ना. लोकांना मनासारखं खाऊ दिलं आणि फक्त साखर कमी केली, तर वजन थोडं उतरतं. घरात कोण तेवढ्याच कॅलरी मोजून परत वाढतं? गोड चहाने किंवा कोल्ड्रिंकने पोट भरत नाही, जेवण होतं तेवढंच होतं. चहाबाजदादांचं नेमकं तेच झालं. यात दोघंही बरोबर आहात, पण भांडा खुशाल.
माझी तक्रार वेगळीच. सासूबाईंनी साखर सोडली आणि गुळाचा चहा धरला. गुळाच्या कॅलरी साखरेहून नावापुरत्याच कमी! आणि त्याच चहासोबत पोहे, ज्यांत मी तेलाची धार धरायचे. आता चमच्याने घालते. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, दादांच्या तीन कपांची साखर. तेलाचं नाव या धाग्यावर कुणी काढलं का?

गुळाचा खडा
गुळात लोह असतं.

सोलापूरची सून
असू दे की. लोहासाठी सहा कप चहा पिणार का?

चहाबाज
ताई, पोट न भरण्याचं एकदम पटलं. मोजपट्टीरावांपुढे मात्र मी हरलो असं समजू नका. घरात चक्का टांगलाय, अर्धा किलो. साखरही अर्धा किलो, आईचं माप. वाटीला किती कॅलरी होतात ते लिहून ठेवा, श्रीखंड संपलं की वाचतो.