परदेशातल्या फूटी क्लबने निम्मे खेळाडू स्थानिक घ्यावेत का?

खाडीपलीकडचा (सिंगापूर):

आमच्या फूटी क्लबचा हंगाम संपत आलाय. वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे की पुढच्या हंगामापासून आपसातल्या साखळी सामन्यांत मैदानावरचे निम्मे खेळाडू ऑस्ट्रेलियाबाहेर वाढलेले असावेत. क्लबातल्या बऱ्याच मित्रांना हे पटलेलं नाही. आपल्यापैकी अनेकजण परदेशात कुठल्या ना कुठल्या मंडळात आहेत, म्हणून तुमचं मत हवंय.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मेलबर्नमध्ये १८५९ साली याचे नियम लिहिले गेले. लंबवर्तुळाकार मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा. लाथेने मारलेला, निदान पंधरा मीटर आलेला चेंडू खाली टेकण्याआधी झेलला की तो 'मार्क', आणि त्यासाठी खेळाडू उडी मारून दुसऱ्याच्या खांद्यावरही चढतात. कबड्डी खेळून वाढलेल्या माणसाला या खेळातली पकड आणि झटापट लगेच आवडते, मला तरी आवडली.

क्लब हौशी आहे. आठवड्यात एकदा संध्याकाळी दिव्यांखाली सराव, शनिवारी सामना, मधूनच बँकॉक किंवा जकार्ताचा पाहुणा संघ, वर्षाअखेरीस आशियाई स्पर्धा. यंदा काही सिंगापुरी मुलं नियमाने सरावाला यायची. पावसातसुद्धा. बाद फेरी जवळ आली तशी ती राखीव बाकावर गेली आणि त्यांच्या जागी नुकतेच पर्थहून बदली होऊन आलेले लोक उतरले. मुलं काही बोलली नाहीत, पण त्यांचं येणं थांबलं. हे मला सहन होत नाही. ज्या शहरात मोकळं मैदान मिळणं एवढं कठीण, तिथे ते अडवायचं आणि तिथल्याच मुलांना बाकावर बसवायचं?

सदाफुली (मेलबर्न):

तुमची तळमळ समजते, पण अट मला पटत नाही. माणूस परक्या गावात जातो, ऑफिसाबाहेर कुणाला ओळखत नाही, आणि शनिवारी त्याला आपल्या बोलीत ओरडणारी माणसं भेटतात. क्लबचं पहिलं काम हे आहे. आपण महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत निम्मे अमराठी हवेत अशी अट घालतो का? येईल त्याचं स्वागत करतो, प्रसाद देतो, आणि आरती मराठीतच म्हणतो.

शिवाय कोट्यातून मैदानात आलेल्या मुलाकडे सगळे कोट्यातला म्हणूनच बघतील. त्याला चेंडू कोण देणार?

खाडीपलीकडचा:

सदाफुलीताई, मंडळ हॉल भाड्याने घेतं आणि दहा दिवसांत मोकळा करतं. आम्ही अख्खा हंगाम मैदान धरून बसतो. आणि गणपतीला आलेल्या पाहुण्याला आपण वर्षभर ढोल शिकवून ऐन मिरवणुकीत बाजूला उभं करत नाही. चेंडू कोण देणार, याचं उत्तर सरावात आहे. ज्याच्याबरोबर दर सरावात चेंडू ठोसलात त्याला सामन्यातही देता.

अशी अट जगावेगळी नाही. २००२ ते २०१७ दरम्यान ऑस्ट्रेलियात जो आंतरराष्ट्रीय चषक व्हायचा, त्यात इतर देशांच्या संघांतून परदेशस्थ ऑस्ट्रेलियनांना खेळताच येत नसे. म्हणून तर २००८ पासून भारताचा संघही त्यात दिसला.

पारनाका (ठाणे):

दोघांनीही मुंबईचा इतिहास जरा आठवून पाहावा. इंग्रज इथे क्रिकेट स्वतःसाठी खेळत होते. त्यांच्यावर कुणी अट घातली नव्हती. पारशी पोरांनी बघून बघून खेळ उचलला आणि १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पुढे एस्प्लनेडच्या मैदानावर गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी खेळपट्टी उखडली जायची, तेव्हा पारशांनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. त्या भांडणातून स्वतःचे जिमखाने उभे राहिले. मुंबईचं क्रिकेट बॉम्बे जिमखान्याच्या औदार्यातून वाढलेलं नाही.

तेव्हा तुमच्या सिंगापुरी मुलांना तुमच्या संघात अर्धी जागा देण्यापेक्षा वेगळा संघ काढायला मदत करा. त्यांचा कप्तान, त्यांचा रंग. मग तुम्हाला हरवतील तेव्हा खेळ तिथला झाला असं म्हणता येईल.

खाडीपलीकडचा:

पारनाका, इतिहास काढलात तर पाळवणकर बाळूही आठवा. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखणारा चांभार समाजातला मुलगा, ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकत राहिला. त्या नेटमध्ये बॅट मात्र कधी त्याच्या हातात आली नाही. नंतर पुण्याच्या हिंदू क्लबने त्याला घेतलं ते त्याच्या गोलंदाजीशिवाय चालत नव्हतं म्हणून, आणि चहा तरीही बाहेर, वेगळ्या भांड्यात. बाळू थोर होते म्हणून निभावले. जे थोर नव्हते, नुसते बरे खेळायचे, त्यांचं काय झालं हे आपल्याला कधी कळणारही नाही. नियम अशांसाठी लागतो.

वेगळा संघ काढायला अठराच काय, नऊ तयार खेळाडू तरी हवेत. ते बाकावर बसून तयार होत नाहीत.

मीठभाकर (जकार्ता):

मी खेळत नाही, इथल्या एका क्लबचा हिशेब बघतो. परदेशस्थांच्या क्लबचा खरा शत्रू बदली. कंपनी दोन-तीन वर्षांत माणूस हलवते. एका हंगामाचा कप्तान पुढच्या हंगामात दुसऱ्या देशात. अठरा कधीच जमत नाहीत, पुरेसं मोठं लंबवर्तुळाकार मैदानही नसतं, म्हणून सॉकरच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर घडीचे खांब रोवून कमी खेळाडूंत सामना उरकतो. जो क्लब स्थानिकांना धरून ठेवत नाही तो एका वाईट वर्षात बंद पडू शकतो. म्हणून मला स्थानिक हवेत. यात उपकार कसला?

पण दादा, तुमची अट उलटी पडेल. शनिवारी पाच स्थानिक आले तर तुम्ही पाचच ऑस्ट्रेलियन उतरवणार का? बाकीचे वर्गणी भरून बघत बसतील आणि पुढच्या वर्षी रग्बीला जातील. अडचण वर्गणीची आहे. परदेशी पगाराच्या माणसाला परवडणारी वर्गणी, बूट, दौऱ्याचं विमानभाडं इथल्या विद्यार्थ्याला झेपत नाही. आणि गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कोण करणार? ऑस्ट्रेलियन माणसाकडे बहुधा कंपनीचा विमा असतो. आधी मुलांचा विमा उतरवा, मग ठराव मांडा.

सदाफुली:

मीठभाकर यांचा विम्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

मात्र खाडीपलीकडचे, तुम्ही ज्या शहरात आहात तिथे या खेळाचं एक वेगळं पान आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं आणि हजारो ऑस्ट्रेलियन तिथल्या चांगीच्या छावणीत युद्धकैदी झाले. त्या उपाशी माणसांनी तिथे फूटीची साखळी चालवली, संघांना मेलबर्न, कार्लटन, रिचमंड अशी घरची नावं दिली. १९३३ चं ब्राउनलो पदक, म्हणजे मेलबर्नच्या मुख्य साखळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक, जिंकलेला स्मॉलहॉर्न त्या कैद्यांतच होता. १९४३ च्या जानेवारीत शेवटचा सामना झाला आणि पीटर चिटीला 'चांगी ब्राउनलो' पदक मिळालं. पुढे त्यातले कितीतरी जण जपानी कैद्यांकडून बांधून घेत असलेल्या बर्मा-थायलंड रेल्वेवर गेले आणि परत आले नाहीत. आजही एप्रिलमध्ये अँझॅक दिनाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या युद्धस्मृतिदिनाच्या सुमारास थायलंडमध्ये त्या रेल्वेवरच्या कांचनाबुरीला फूटीचा सामना होतो. अशा सामन्यात कोण किती टक्के हे मोजायचं? काही गोष्टी त्यांच्या त्यांच्याच राहू द्या.

खाडीपलीकडचा:

ताई, चांगीची साखळी मला माहीत आहे आणि तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण त्या रेल्वेवर आशियाई मजूर युद्धकैद्यांपेक्षा कितीतरी जास्त मेले. त्यात मलायातल्या मळ्यांवरून नेलेले तमिळ होते, त्यांची धड नोंदही नाही. सिंगापूर पडलं तेव्हा भारतीय सैनिकही हजारोंनी कैद झाले. कांचनाबुरीच्या मैदानावर शांत उभं राहण्याचा हक्क त्या मजुरांच्या नातवंडांनाही तितकाच आहे. तरी स्मरणाच्या सामन्याला माझी अट नाही, ती फक्त साखळीपुरती आहे.

मीठभाकर, तुमच्या पाचाच्या हिशेबाला उत्तर देतो. पाच आले तर पाचही पूर्ण वेळ खेळतील, बाक उरलेल्यांनी आळीपाळीने वाटून घ्यायचा. बाद फेरीतही हेच. ठरावाचे शब्द तसे बदलतो. विद्यार्थ्यांची वर्गणी निम्मी आणि विमा क्लबच्या खर्चाने, ही दोन कलमं त्यातच घालतो.

पारनाका:

मी अजून विरोधातच आहे. पॅसिफिकमधल्या नाउरू या छोट्या बेटावर हा खेळ राष्ट्रीय खेळ झाला, तो ऑस्ट्रेलियात जिलाँगला शिकायला गेलेली तिथली मुलं घरी घेऊन आली म्हणून. परदेशस्थांच्या क्लबने जागा दिली म्हणून नव्हे. शाळांना चेंडू द्या आणि आठवड्यातला एक सराव त्यांच्या मैदानावर घ्या. पण विमा आणि वर्गणीची कलमं स्वतंत्र ठराव म्हणून मांडा. निम्म्याची अट पडली तर त्यांच्यासकट पडायला नकोत.