स्टेम सेल प्रत्यारोपणाच्या काळात प्रार्थनेने आधार कसा द्यावा?

वसुधा_सातारा
माझ्या यजमानांना (वय 58) मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) असून, केमोथेरपीच्या फेऱ्या संपल्यावर आता त्यांच्याच स्टेम सेल वापरून प्रत्यारोपण करायचे ठरले आहे. पुढच्या महिन्यात सुमारे तीन आठवडे ते निर्जंतुक खोलीत असतील आणि सोबतीला फक्त मी असेन. सासूबाई रोज रामरक्षेची अकरा आवर्तने करत आहेत. कुलदैवताचा अंगारा आणि तुळशीचे पान खोलीत न्यावे, यजमानांच्या मनगटातला गंडा काढू नये आणि मी सोमवारचे कडक उपवास धरावेत, असा त्यांचा आग्रह आहे. माझीही श्रद्धा आहे, परंतु यजमान फारसे देवदेव करणारे नाहीत. त्यांच्यावर ओझे न टाकता आणि सासूबाईंना न दुखावता काय करता येईल?

निवृत्त_परिचारिका
प्रत्यारोपण कक्षात मी अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून आधी नकाराचे सांगते. अंगारा, तीर्थ, ताजी फुले, तुळस, घरचा प्रसाद यांतले काहीही आत नेऊ नका. प्रत्यारोपणाआधी देतात त्या मेल्फालान या केमो औषधाच्या मोठ्या मात्रेनंतर पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्यावर येतात, आणि माती, राख व ओल्या पानांवर असलेले बुरशीचे बीजाणू आपल्याला काही करत नसले, तरी अशा रुग्णाच्या फुप्फुसांत ते घर करू शकतात. खोलीतली हवा गाळून येते. पण आपण हातातून जे नेतो, ते गाळणीला अडवता येत नाही.

गंडा आंघोळीत भिजतो, त्यात जंतू साठतात, म्हणून तो कापावाच लागतो. मी पाहिले आहे, दाखल होताना नर्सने कात्री लावली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. त्याऐवजी निघण्याच्या दिवशी सासूबाईंनीच तो देवासमोर सोडवून जपून ठेवावा, असे त्यांना आधीच सांगा. जपमाळेऐवजी पुसता येईल असा बोटात घालायचा प्लास्टिकचा काउंटर चालेल, आणि देवाचा फोटो लॅमिनेट केलेला असला तर बहुधा परवानगी मिळते. तरी तुमच्या कक्षाचे नियम विचारून घ्या. उपवास मात्र मुळीच नको. सोबतीचे माणूस आजारी पडले, साधी सर्दी जरी झाली, तरी त्याला बाहेर काढावे लागते.

बारावा_दिवस
मी याच प्रत्यारोपणातून गेलेला रुग्ण आहे. मेल्फालान चालू असताना तोंडात सतत बर्फ धरायला देतात, कारण गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून तोंडात औषध कमी पोहोचते आणि पुढे फोड कमी येतात. त्या वेळी बोलता येत नव्हते, आणि पत्नी शेजारी बसून जप करत होती, ते बरे वाटले. आधी काढून ठेवलेल्या स्टेम सेल परत चढवल्या त्या दिवशी, त्या गोठवताना घातलेल्या द्रव्यामुळे माझ्या अंगाला लसणाचा वास येऊ लागला. चातुर्मास चालू होता, घरी कांदा-लसूण वर्ज्य, आणि पत्नी नाकाला पदर लावून हसत होती.

त्यानंतर सातव्या दिवसापासून थुंकी गिळणेही कठीण झाले. तेव्हा नातेवाइकांनी स्पीकरवर लावलेली सामूहिक आरती मला असह्य झाली होती, आणि तसे सांगण्याचीही ताकद नव्हती. याहून जड होते ते रोजचे फोन, ‘काउंट आला का, आम्ही इतका जप केला’. हा काउंट म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या, आणि ती 500 च्या वर जायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. माझी बाराव्या दिवशीही वर गेली नव्हती, आणि सगळ्यांच्या प्रार्थनेला मीच कमी पडलो असे मला वाटू लागले होते. कृपा करून प्रार्थना आकड्याला बांधू नका.

गणिताचा_मास्तर
वरच्या अनुभवाशी जुळणारी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या 1802 रुग्णांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा फायदा दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यातील 59 टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांना खात्रीने सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 51-52 टक्के होते. आजार वेगळा, प्रार्थना करणारेही परके, त्यामुळे आईच्या रामरक्षेला हा निकष सरळ लावता येणार नाही. पण अपेक्षेचे दडपण येऊ शकते, इतके लक्षात घ्यावे.

घरी जप करणाऱ्या मंडळींना आणखी एक काम द्या. या उपचारात लागणारी प्लेटलेटची (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तकणांची) पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही आणि दाते ऐन वेळी लागतात. आमच्या भजनी मंडळाने एकदा अशी यादी करून प्रत्येकाचा वार ठरवून घेतला होता.

वसुधा_सातारा
सर्वांचे मनापासून आभार. मी यजमानांनाच विचारले, जे खरे तर आधी करायला हवे होते. आईचा आवाज चालेल, परंतु रेकॉर्ड केलेला, बारीक, आणि हात वर केला की बंद, असे ते म्हणाले. काल सासूबाईंनी माझ्या फोनवर रामरक्षा म्हटली. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तेव्हा त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला निघाल्या. पण यजमानांनी शिट्टीसकटच ठेवायला सांगितले.