मदत हवी आहे: ताणाच्या प्रश्नावलीतले उलटे प्रश्न मराठीत कसे मांडावेत?

नमस्कार मंडळी. घरी राहून शिकणारे आणि परदेशात शिकणारे विद्यार्थी, दोघांनाही देता येईल अशी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची १० प्रश्नांची ताणमापनी (Perceived Stress Scale) आम्ही मराठीत आणतोय. प्रश्न गेल्या महिन्याबद्दलचे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०.

अडतंय ४, ५, ७ आणि ८ या प्रश्नांशी. ते सकारात्मक असल्याने गुण उलटे धरायचे: ‘कधीच नाही’ला ४, ‘फार वेळा’ला ०. घाईत कुणी सगळ्या खुणा एकाच रकान्यात केल्या, की बेरीज १६ ते २४ मध्येच अडकते आणि ज्याला खरंच आधार हवाय तो निसटतो. याची फार काळजी वाटते. आठव्यासाठी ‘सगळं आटोक्यात आहे असं किती वेळा वाटलं?’ हे चटकन कळेल का? पाचव्यासाठी ‘मनासारखं घडतंय’ चालेल?

दुसरं, ताण आला की काय करता, असं मोघम विचारलं तर व्यायाम, गाणी, मित्र एवढंच लिहून येतं. टाळाटाळ कुणी लिहीत नाही: दिवसभर झोपून राहणं, मार्गदर्शकांची ईमेल न उघडणं, घरच्यांचा फोन वाजू देणं. हे दोष दिल्यासारखं न वाटता कसं विचारावं? नेमकी वाक्यंच सुचवा, प्लीज.